‘डोळ्यांनी बघतो’ याच्या पुढे काय?

पत्र: ताई, मी सातारा जिल्ह्यातल्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. माझ्याकडे तीन ते सहा वर्षांची मुलं आहेत. या महिन्यात ज्ञानेंद्रियांचा विषय घेतलाय. डोळ्याचा तक्ता लावला, ‘डोळ्यांनी आपण काय करतो?’ विचारलं, सगळी एका सुरात ओरडली, ‘बघतो!’ दोन मिनिटांत विषय संपला. आता आठवडाभर काय घेऊ? साहित्याला पैसे नाहीत. आणखी दोन गोष्टी विचारायच्या आहेत. साडेचार वर्षांचा एक मुलगा चित्रांचं पुस्तक अगदी नाकाला लावून बघतो. त्याची आई म्हणते, सवय आहे, मोठा झाला की जाईल. आणि पाच वर्षांच्या एका मुलीला चष्मा लागलाय, पण मुलं ‘ढापणी, ढापणी’ करतात म्हणून ती तो घालतच नाही.

प्रिय ताई,

त्या मुलाचं आधी बोलू. बाकीचं आठवडाभर निवांत करता येईल, हे मात्र थांबवून ठेवू नका.

काही मुलं गंमत म्हणूनही पुस्तक डोळ्यांजवळ धरतात. पण गंमत की गरज, हे ठरवायचं काम आईचंही नाही आणि तुमचं-माझंही नाही. ते डोळ्यांच्या डॉक्टरांचं आहे. पोट दुखलं की मूल रडतं, कान ठणकला की हात लावून दाखवतं. ‘मला नीट दिसत नाही’ असं मात्र ते कधीच येऊन सांगत नाही. जन्मापासून धूसर बघणाऱ्या मुलाला सगळ्यांना असंच दिसतं असं वाटत असतं. एकच डोळा कमजोर असेल तर दुसऱ्यावर त्याचं सगळं भागतं. ते धावतं, खेळतं, मणी ओवतं, आणि घरात कुणाला शंकाही येत नाही.

अंगणवाडीत तुम्ही एक साधी पाहणी करू शकता. ती खेळातच करा, परीक्षा वाटू देऊ नका. मुलाला दहा फुटांवर बसवा. सफरचंद, घर, गोल, चौकोन अशी चित्रं काढलेली कार्डं एकेक दाखवा. आधी मोठी चित्रं, मग छोटी. त्याच्या हातात तशीच कार्डं द्या, म्हणजे नाव येत नसलं तरी जुळतं कार्ड उचलून दाखवता येईल. एकदा डावा डोळा झाकायचा, एकदा उजवा. त्याने स्वतःच्या हाताने झाकला तर बोटांच्या फटीतून बघेल, म्हणून तुमचा तळवा धरा, डोळ्यावर दाब मात्र देऊ नका. आता चित्रापेक्षा मुलाकडे लक्ष द्या. एक डोळा झाकला तर काहीच तक्रार नाही आणि दुसरा झाकला की मूल तुमचा हात ढकलतं, मान वाकडी करून बघायला जातं, रडकुंडीला येतं, असं झालं तर समजा की उघडा राहिलेला डोळा त्याला साथ देत नाहीये. ही चित्रं मी सहज निवडलेली नाहीत. फिनलंडच्या नेत्रतज्ज्ञ लेआ ह्युवारिनेन यांनी लिहिता-वाचता न येणाऱ्या मुलांसाठी १९७६ साली जो तक्ता केला, त्यात याच चार आकृत्या आहेत. नीट दिसेनाशा झाल्या की चारही सारख्याच गोलसर भासतात, त्यामुळे अंदाजाने उत्तर जुळत नाही. तुमची हाताने काढलेली कार्डं त्या तक्त्याची जागा घेणार नाहीत, पण कुणाला डॉक्टरांकडे पाठवायचं ते ठरवायला त्यातून मदत होईल.

घाई का करायची, हे आईला सांगावं लागेल. डोळा चित्र आत घेतो, पण बघायला मेंदूही शिकत असतो, आणि तो शिकतो या पहिल्या सात-आठ वर्षांत. एका डोळ्याकडून सतत धूसर चित्र आलं तर मेंदू त्याच्याकडे लक्ष देणं सोडून देतो. डॉक्टर याला आळशी डोळा म्हणतात. वेळेवर चष्मा दिला, चांगला डोळा रोज ठरावीक तास पट्टीने झाकला, तर मेंदू पुन्हा त्या डोळ्याकडे वळतो. वय वाढत जातं तसं हे कठीण होत जातं. तेव्हा ‘मोठा झाला की जाईल’ हे वाक्य इथे अगदी उलटं आहे. तिरळेपणाबद्दलही आपल्याकडे हेच बोललं जातं, आणि तिथेही ते तितकंच नुकसान करतं.

आईची दुसरी शंका मला आत्ताच ऐकू येतेय: ‘एवढंसं पोर, त्याला डॉक्टर विचारणार काय आणि ते सांगणार काय?’ तिला सांगा, काही सांगावं लागत नाही. डोळ्यात औषधाचे थेंब घालून बाहुली मोठी करतात, मग उजेडाचा झोत टाकून आणि भिंगं बदलून डॉक्टर स्वतःच नंबर काढतात. तान्ह्या बाळाचाही असाच काढता येतो. थेंबांमुळे काही तास, काही औषधांनी काही दिवस, जवळचं धूसर दिसतं आणि उजेड खुपतो. हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर ‘औषधाने पोराचे डोळे बिघडवले’ म्हणून गावभर होईल.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. (हा कार्यक्रम २०१३ साली आपल्याच पालघरमधून सुरू झाला.) पण पथकाची फेरी लांब असेल तर वाट बघू नका. आशाताईंना बरोबर घेऊन मुलाला ग्रामीण रुग्णालयात किंवा जिल्हा रुग्णालयात पाठवा. आणि एक खूण दिसली तर एक दिवसही घालवू नका: बाहुली काळी न दिसता पांढरी दिसणं, किंवा मोबाइलवर फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत एका डोळ्यात पांढरी चमक येणं. त्यामागे लहान वयातला मोतीबिंदू असू शकतो, क्वचित डोळ्याच्या आतली गाठ. उपचार लवकर मिळाले तर डोळा वाचतो, आणि गाठ असेल तर जीवही.

आता तुमचा आठवडा. वरचं सगळं मी आधी सांगितलं, कारण त्यातूनच मला काय शिकवावंसं वाटतं ते ठरतं. ‘बघतो’ हे उत्तर मुलांना येताना घरूनच येतं. त्यांना येत नाही ते असं की मला काय दिसलं, कधी दिसलं नाही, कशामुळे दिसलं, हे शब्दांत सांगणं. ते जमलं म्हणजे विषय जमला. आणि ते बोलू लागली की कुणाचं कुठे अडतंय, हे तुमच्या आपोआप कानावर येईल.

सुरुवात अंधारापासून करा. बुटाचा रिकामा खोका घ्या. छोट्या बाजूला पेन्सिल जाईल एवढं भोक पाडा. झाकणात बोटभर खिडकी कापा, पण एक कड तशीच ठेवा, म्हणजे झडप उघडता-मिटता येईल. आत एखादा लाल चेंडू ठेवा, झाकण लावा, कडांवर काळं कापड गुंडाळा. मुलाने भोकाला डोळा लावायचा. ‘काय दिसतंय?’ काहीच नाही. ‘अजून थोडा वेळ बघ.’ तरी नाही. मग झडप उघडा. तो क्षण घाईत घालवू नका, प्रत्येकाला त्याचा वेळ द्या, कारण पाच वर्षांच्या मुलाचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा असतो. मग विचारा: ‘चेंडू आधी कुठे गेला होता?’

उत्तरं ऐका, लगेच दुरुस्त करू नका. कुणी म्हणेल तुम्ही आत्ता टाकलात. कुणी म्हणेल डोळे मोठे केले की अंधारातही दिसतं. कुणी म्हणेल आमच्या मांजराला दिसतं. (मांजराला आपल्यापेक्षा खूप कमी उजेड पुरतो, पण थोडा तरी लागतोच. अगदी मिट्ट काळोखात तेही आंधळंच.) डोळ्यातून काहीतरी निघतं आणि वस्तूपर्यंत जातं, असं बऱ्याच मुलांना वाटतं. यात हसण्यासारखं काही नाही. ग्रीक विद्वान युक्लिडही तसंच मानायचा. सुमारे हजार वर्षांपूर्वी कैरोत राहणाऱ्या इब्न अल-हैथमने उलट बाजू मांडली, की उजेडच वस्तूवरून आपल्या डोळ्यात येतो. त्याचा एक दाखला अगदी साधा होता: प्रखर उजेडाकडे बघितलं की डोळ्याला त्रास होतो. म्हणजे बाहेरून काहीतरी आत येतंय. तुमची मुलं खोक्याशी बसून तीच वाट चालत असतात, त्यांना ती चालू द्या.

दुसऱ्या दिवशी तोच खोका, पण आत वेगळ्या रंगाची वस्तू, आणि झडप केसभरच उघडायची. वस्तू दिसते, आकार कळतो, पण रंग सांगता येत नाही. कुणी म्हणेल काळी, कुणी निळी. झडप पूर्ण उघडली की रंग येतो. तुमच्या माहितीसाठी सांगते: डोळ्याच्या आतल्या पडद्यावर दोन तऱ्हेच्या पेशी असतात. रंग ओळखणाऱ्यांना भरपूर उजेड लागतो, अंधुकात काम करणाऱ्यांना रंग कळत नाही. मुलांना यातलं काही सांगायची गरज नाही. ‘रंग बघायला जास्त उजेड लागतो’ एवढं त्यांनी स्वतःच शोधून काढलं की पुरे. दिवेलागणीला अंगणात खेळताना याचा पडताळा घरी घ्यायला सांगा. त्याच गप्पांत संध्याकाळी घराबाहेर पाऊल टाकायला घाबरणारं, उंबऱ्याला ठेचकाळणारं मूल तुमच्या कानावर आलं तर तो रातांधळेपणा असू शकतो, त्याच्या ‘अ’ जीवनसत्त्वाच्या डोसाची नोंद तपासा. नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत नऊ डोस झालेले हवेत. शेवग्याचा पाला, पपई, गाजर हे तर तुम्ही आयांना सांगताच.

बाहुलीचा खेळ दाराजवळ घ्या. आपल्या मुलांची बुबुळं गडद तपकिरी, त्यात मधला काळा ठिपका चटकन सापडत नाही. म्हणून जोडीजोडीने उजेडाकडे तोंड करून बसवा. एकाने दोन्ही तळव्यांनी डोळे झाकून दहा अंक म्हणायचे, मग हात काढायचे. दुसऱ्याने बघायचं. मोठी झालेली बाहुली झर्रकन लहान होते. पहिल्यांदा हुकतं, पुन्हा करा. बॅटरी किंवा मोबाइलचा दिवा कुणाच्या डोळ्यावर मारू नका, आणि जत्रेत मिळणारं लेझर तर वर्गात येऊच देऊ नका, त्याने आतल्या पडद्याला कायमची इजा होऊ शकते. सूर्याकडे टक लावून बघायचं नाही, हेही याच दिवशी सांगून टाका. उजेड डोळ्यात येतो हे आत्ताच कळलेलं असतं, त्यामुळे त्यांना ते पटतं.

मग शेजारच्या गोठ्यात जा. शेळीचा डोळा जवळून बघितलाय का तुम्ही? बाहुली आडवी असते, पैसे टाकायच्या गल्ल्याच्या फटीसारखी. चरताना मान खाली असली तरी दोन्ही बाजूंचं दूरवरचं तिला दिसत राहतं, वाघरू आलंच तर चाहूल लागते. मांजराची बाहुली उन्हात उभी रेघ होते. कोंबडी दाणा टिपण्याआधी मान तिरकी करून एका डोळ्याने बघते. मुलांना हे तक्त्यावर दाखवण्यात काही राम नाही. गावात शेळ्या आहेत, कोंबड्या आहेत. फक्त शेळीला एकाने धरून ठेवा आणि मुलांना आळीपाळीने पुढे सोडा.

आता या सगळ्यात मला सगळ्यात जवळचा वाटतो तो खेळ. मुलांना कावळा रंगवायला द्या. सगळ्या वर्गाचा खडू काळा असेल. काही बोलू नका. चित्रं बाजूला ठेवा, सगळ्यांना अंगणात न्या, भाताची चार शितं टाका आणि गप्प बसा. कावळा येईल. ‘त्याची मान बघा.’ गावातल्या नेहमीच्या कावळ्याची मान आणि छाती राखाडी असते. डोमकावळा तेवढा चोचीपासून शेपटीपर्यंत काळा. रोज बघितलेला पक्षी, आणि मान कुणीच पाहिलेली नसते. मोठ्यांनीही नाही. आत जाऊन पुन्हा रंगवायला द्या. ज्याच्या खडूंत राखाडी नसेल तो काळा खडू हलक्या हाताने फिरवून राखाडी करेल. झाडांचंही असंच. पान हिरवं म्हणून शिकवलेलं असतं, आंब्याची कोवळी पालवी तांबूस-जांभळट निघते. असं एकेक आठवड्याला दिलंत तर ‘नीट बघ’ हे सांगावंच लागत नाही.

दूरचा कावळा किंवा तारेवरचा पक्षी दाखवताना मुलांच्या चेहऱ्यांवर नजर ठेवा. बोट दाखवलं तिकडे सगळे बघतात आणि एखादं मूल शेजारच्याकडे बघून ‘हो, दिसला’ म्हणतं. डोळे बारीक करणारं, एकाच बाजूला मान कलती ठेवणारं, सारखे डोळे चोळणारं, उन्हात एक डोळा मिटून घेणारं मूलही तिथेच कळतं. त्यांची नावं वहीत लिहून ठेवा.

पैसे नाहीत म्हणता, त्यावर एक सांगते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत आणि पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी जे काम केलं, त्यात माँटेसरीबाईंच्या महागड्या साधनांच्या जागी शिंपले, खडे, पानं, बिया आल्या. अंगणात मुलं जमवून शिकवायची तुमची रीत त्यांच्याच कामातून आलेली आहे. तेव्हा ताटात चिंचोका, शिंपला, बांगडीचा तुकडा नको पण अख्खी बांगडी, पान, चमचा असं मांडा, नीट बघायला सांगा, फडकं टाका, एक वस्तू काढून घ्या आणि काय गेलं ते विचारा. एवढ्यावर अर्धा तास जातो. गुंजा मात्र ठेवू नका. लाल-काळी म्हणून मुलांना फार आवडते, पण ती चावून खाल्ली तर जीवघेणं विष आहे.

रंगांत कुणी चुकलं तर रागावू नका. आधी सारखे रंग जुळवता येतात, मग ‘लाल दे’ म्हटल्यावर उचलता येतो, आणि ‘हा कोणता?’ याचं उत्तर सगळ्यात शेवटी येतं. एखादा मुलगा जुळवतानाच लाल आणि हिरवं, हिरवं आणि तपकिरी यांत सतत गोंधळत असेल, तर त्याला ते रंग जन्मतःच वेगळे दिसत नसतील. मुलग्यांमध्ये हे मुलींपेक्षा कितीतरी जास्त आढळतं. त्यावर छडी हा उपाय नाही, त्याचं नावही वहीत लिहा.

‘देवाने डोळे दिले नसते तर?’ असा धडा बरेच जण घेतात, डोळ्यांना पट्टी बांधून मुलांना चालवतात. मला तो आवडत नाही. आंधळी कोशिंबीर खेळ म्हणून जरूर खेळा. पण पट्टी बांधल्यावर मुलाला फक्त भीती वाटते, आणि न दिसणारी माणसं रोज याच भीतीत जगतात असं त्याच्या मनात बसतं. त्यापेक्षा शंभराची कोरी नोट घ्या. तिच्यावर बोटाला लागणारा उंच त्रिकोण आहे, पाचशेच्या नोटेवर गोल आहे. डोळे मिटून बोटाने शोधू द्या, आणि हे कुणासाठी केलंय ते सांगा. गावात न दिसणारं कुणी असेल आणि त्यांची इच्छा असेल तर त्यांना बोलवा, मुलं त्यांना काय वाटेल ते विचारतील आणि सरळ उत्तरं मिळतील.

मोबाइलचं पालकसभेत बोला, मुलांसमोर नको. दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसात तासाभरापेक्षा जास्त पडदा नको, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितलंय. आणि नुसतं ‘बघू नको’ म्हणण्यापेक्षा बाहेर काढा. रोज उघड्यावर, दिवसाच्या उजेडात भरपूर खेळणाऱ्या मुलांना लांबचं न दिसण्याचा चष्मा लागण्याचं प्रमाण कमी असतं.

राहिली ती मुलगी. चिडवणं हे एक कारण असेल, पण तेवढंच धरून चालू नका. तिला जवळ घेऊन चष्मा चढवून बघा. नाकावरून घसरतो का? कानामागे लाल झालंय का? लहान मुलांना बऱ्याचदा मोठ्यांची चौकट दिली जाते. हलकी प्लास्टिकची चौकट आणि मागून लवचीक पट्टा, एवढ्याने निम्मं काम होतं. काचा बोटांच्या ठशांनी माखलेल्या असतात, मग चष्मा न घालताच बरं दिसतं असं मुलाला वाटतं. तिला एक मऊ सुती रुमाल द्या आणि रोज आल्यावर काचा धुऊन पुसायचं काम शिकवा.

वर्गात भिंगाचा खेळ घ्या. पारदर्शक बाटलीत पाणी भरून ती आडवी चित्रावर धरली की चित्र मोठं दिसतं. मुलं त्यात रमली की सांगा, चष्म्यातही अशाच काचा असतात, प्रत्येकाच्या डोळ्याला लागतात तशा बनवलेल्या. तिचा चष्मा मात्र हातोहात फिरवू नका, तो तिचा आहे. आणि ‘ढापणी’ म्हणणाऱ्याला गोष्टीतून वगैरे नको, सरळ सांगा: हे नाव इथे घ्यायचं नाही. शक्य झालं तर तिच्या घरीही कानोसा घ्या. पुष्कळदा हे नाव पहिल्यांदा एखाद्या काकाने किंवा मोठ्या भावाने लाडाने ठेवलेलं असतं, आणि ‘मुलीला चष्मा, पुढे कसं व्हायचं’ ही कुजबुज तिच्यासमोरच चालते. आईला एकटीला गाठून सांगा, चष्मा आत्ता सोडला तर डोळा कमजोर राहील, मग पुढे कुठलीच काच भरून काढणार नाही. आंघोळ आणि झोप सोडली तर दिवसभर चष्मा हवा. मूल वाढतं, नंबरही बदलतो, चौकटही लहान होते. डॉक्टरांनी पुढची तारीख दिली असेल तर ती तुमच्याही वहीत टिपून ठेवा, आणि त्याच्या आदल्या आठवड्यात आईला आठवण करा.